आधी एक रेघ ओढून बघा

जून लागला की आमच्या दुकानात उभं राहायला जागा नसते. अमळनेरला शाळेच्या रस्त्यावर माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे, ३१ वर्षं झाली. गेल्या जूनमध्ये एक भाऊ आले. मोटारसायकलला मागे कपाशीच्या बियाण्याची पिशवी बांधलेली, पुढे टाकीवर सातवीतला पोऱ्या.

"नाना, सगळास्मा जास्ती रंगवाला डबा द्या. पोऱ्यानी चित्रकलानी परीक्षा शे."

माझ्याकडे रंगीत पेन्सिलींचा ४८ रंगांचा डबा होता. चकचकीत झाकण, त्यावर वाघ. तो विकला असता तर माझाच फायदा जास्त होता, कारण असल्या डब्यात दुकानदाराला चांगलं सुटतं. मी विचारलं, "भाऊ, पिशवीत बियाणं कोणतं घेतलं?" त्यांनी वाणाचं नाव सांगितलं. शेजारच्या शेतात दोन वर्षं पाहिलं, बोंड कसं येतं, कीड किती लागते, मग घेतलं म्हणाले. मी डबा उघडला, पोऱ्याच्या हातात कागद दिला आणि म्हणालो, "मग हेही पाहून घ्या. ओढ रे रेघ."

पोऱ्यानं आकाशी रंग घेतला. हलक्या हातानं रेघ ओढली तर काही उमटेचना. दाबून ओढली तर कर्र आवाज आला आणि कागदावर रंगाऐवजी ओरखडा. मग १२ रंगांचा साधा डबा काढला. त्याच्यातल्या आकाशीनं पहिल्याच हलक्या रेघेला निळाई दिली. भाऊ तोच घेऊन गेले आणि उरलेल्या पैशांत चांगला कागद.

रंगीत पेन्सिल कशी पारखून घ्यायची, हे त्या भाऊंना काउंटरवर पाच मिनिटांत सांगितलं, तेच इथे सविस्तर लिहितो.

शिसात असतं काय

आपण शिस म्हणतो, पण पेन्सिलीत शिसं हा धातू नसतो. काळ्या पेन्सिलीत ग्रॅफाइट आणि चिकणमाती असते आणि ती कांडी भट्टीत भाजतात. रंगीत पेन्सिलीची कांडी भाजता येत नाही. भट्टीत घातली तर रंगच जळून जाईल. म्हणून रंगद्रव्य, पांढरी माती किंवा शंखजिऱ्यासारखी भर, थोडा डिंकासारखा चिकट पदार्थ आणि मेण किंवा तेल असं सगळं मळून, बारीक भोकातून शेवया पाडाव्यात तशा कांड्या पाडतात आणि वाळवतात. त्यामुळे रंगीत शिस काळ्या शिसापेक्षा कमजोरच राहणार. ते पडलं की तुटतं, यात पोराचा दोष थोडाच असतो.

स्वस्त आणि चांगल्या पेन्सिलीतला फरक या मळलेल्या गोळ्यात आहे. रंगद्रव्य महाग, माती स्वस्त. माती वाढवली की शिस कडक होतं, रंग फिका येतो आणि ती कर्र कर्र सुरू होते. काही जण माती कमी करून साधं मेण वाढवतात. मग पेन्सिल छान घसरते, चमकतेही, पण कागदावर रंगाऐवजी मेणच बसतं. पोरं अशा पेन्सिलीला "गुळगुळीत" म्हणून खूश होतात. दुसरा थर चढवायला गेलं की फजिती कळते.

काउंटरवर करायच्या तपासण्या

दुकानदार सील फोडू देत नसेल तर त्याच कंपनीची एखादी सुटी किंवा नमुन्याची पेन्सिल मागा. शाळेजवळच्या बहुतेक दुकानांत एखादा उघडा डबा असतोच. कोणी चिडलं तर चिडू द्या.

आधी पेन्सिलीची शेपटी बघा. मागच्या कापलेल्या टोकाला शिस बरोबर मध्ये आहे का? एका बाजूला सरकलेलं असेल तर शार्पनरमध्ये एका अंगानं लाकूड टोकापर्यंत चढतं, दुसऱ्या अंगानं शिस उघडं पडतं आणि लगेच मोडतं. मागचं टोक रंगात बुडवून बंद केलेलं असेल तर पुढचं बघा. सहा कोनांच्या पेन्सिलीला टोकाजवळ वरच्या रंगाच्या छोट्या कमानी दिसतात. त्या सगळीकडून सारख्या असल्या की शिस मध्ये आहे असं समजा. एक कमान लांब, समोरची आखूड, तर ती पेन्सिल ठेवून द्या.

गोल पेन्सिल काचेवर लोळवा. डगमगत गेली तर लाकूड वाकलेलं आहे आणि वाकलेल्या लाकडात शिस आधीच तडकलेलं असण्याचा संभव मोठा. सहाकोनी असेल तर सुतार पट्टी बघतो तशी डोळ्याला लावून बघा.

मग रेघ. ही तपासणी बिलाच्या गुळगुळीत कागदावर करू नका, चित्रकलेच्या वहीच्या कागदावर करा. एकाच रंगाचे तीन ठिपके भरा: अगदी हलका, मध्यम, दाबून. चांगल्या पेन्सिलीत हे तीन वेगळे रंग दिसतात. हलका ठिपका सकाळच्या आभाळासारखा आणि दाबलेला गडद, तोही पेन्सिल न बदलता. अशी एक पेन्सिल तीन पेन्सिलींचं काम करते आणि २४ च्या डब्याचे पैसे वाचवते. वाईट पेन्सिलीत हलका ठिपका दिसत नाही आणि मध्यम-दाबलेला सारखेच येतात.

दाबलेल्या ठिपक्यावरून बोट फिरवा. थोडा रंग बोटाला लागणारच. पण खडूसारखी भुकटी उडत असेल तर शिस नीट बांधलेलं नाही. चित्र पूर्ण होईपर्यंत पोराच्या तळहातानं सगळं आभाळ झाडावर येईल.

पुढची तपासणी मला सगळ्यात आवडते. निळ्याचा मध्यम ठिपका भरा आणि त्यावर पिवळा फिरवा. हिरवा झाला पाहिजे. पिवळी पेन्सिल निळ्यावरून नुसती सरकत गेली, निळा निळाच राहिला, तर मेण जास्त आणि रंग कमी. रंगीत पेन्सिलीचं सगळं काम थरावर थर चढवण्याचं असतं. पहिल्याच थरानंतर कागद बंद झाला तर पुढे करायचं काय?

शेवटची तपासणी पांढऱ्या पेन्सिलीची. पार्सलचा खाकी कागद घ्या आणि त्यावर पांढरी फिरवा. डब्यातली सगळ्यात दुर्लक्षित पेन्सिल हीच, पण कारखान्याचा प्रामाणिकपणा हीच सांगते. खाकीवर पांढरी ठळक दिसली तर बाकीचे रंगही बहुतेक बरे निघतात. पांढरी नुसती तेलाच्या डागासारखी दिसली तर मी तो माल परत पाठवतो.

माझ्याकडे २०० पानी एक वही आहे, रेघांची वही. कोणताही माल आला की त्यातला एक डबा मी फोडतो आणि त्या वहीत सगळे ठिपके भरून तारीख टाकतो. घरचे हसायचे. पण त्या वहीमुळेच कळलं की नाव तेच, डबा तोच, तरी एका वर्षीचा माल दुसऱ्या वर्षीच्या मालासारखा असेलच असं नाही. म्हणून "आमच्या मोठ्या पोरीनं हाच वापरला होता" एवढ्यावर विसंबू नका. पुन्हा रेघ ओढा.

लाकडाचं थोडं

चांगलं लाकूड शार्पनरमध्ये पापडासारखी अखंड वळी काढतं. खराब लाकूड तुकड्या-तुकड्यानं निघतं आणि जाताना शिसाला ओरबाडतं. परदेशी महाग पेन्सिलींना अमेरिकेतलं सीडर वापरतात, त्याला वासही छान असतो. आपल्याकडच्या पेन्सिलींना बरंचसं लाकूड काश्मीरच्या पॉप्लरचं येतं. पुलवामा जिल्ह्यातल्या उखू गावाला तर पेन्सिलीचं गावच म्हणतात. लाकूड कोणतंही चालेल, ते कोरडं आणि सरळ रेषांचं असावं.

हल्ली लाकूड नसलेल्या, प्लास्टिकसारख्या वाकणाऱ्या पेन्सिलीही येतात. लहान पोरांना टोचत नाहीत एवढा एक गुण. शार्पनरमध्ये त्या जड जातात आणि माझ्या वहीत त्यांचे ठिपके फिकेच आहेत.

आतून मोडलेला माल

एका वर्षी ट्रान्स्पोर्टनं आलेलं एक खोकं कोपऱ्यावर चेपलेलं होतं. मी सही करून घेतलं. घाईत होतो, शाळा दोन दिवसांवर. पुढच्या आठवड्यात रोज कोणीतरी डबा परत घेऊन येई. "नाना, टोक काढलं की शिस गळून पडतं." चाळीस डबे, सगळे आतून मोडलेले. वरून एकावरही ओरखडा नव्हता. ट्रान्स्पोर्टवाला म्हणाला सही केली ना, मग आमचा संबंध संपला. नुकसान मी सोसलं.

तेव्हापासून मी डबा कानाशी धरून हळूच हलवतो. पेन्सिली खणखणीत वाजल्या पाहिजेत. पण आतून मोडलेलं शिस असं हलवूनही नेहमी कळत नाही, म्हणून डब्यातल्या एकदोन पेन्सिली दुकानातच टोक करून बघा. दोन वेळा शिस गळालं तर तो डबाच नको.

मोडलेलं शिस गरम करून आतल्या आत चिकटतं असं पुष्कळ जण सांगतात. मेणाच्या पेन्सिलींवर मी करून पाहिलंय. मे महिन्यात गच्चीवर, फडक्यात गुंडाळून अर्धा तास. काही सुधारल्या, काही होत्या तशाच. मायक्रोवेव्हमध्ये मात्र घालू नका. पेन्सिलीवरची सोनेरी-चंदेरी अक्षरं धातूची असली तर ठिणग्या उडतात.

मेण, तेल आणि आपलं ऊन

मोठ्या माणसांसाठीच्या पेन्सिली घेताना दुकानदार विचारतो, मेणाची हवी की तेलाची. मेणाच्या पेन्सिली मऊ असतात, रंग भसाभस उतरतो, मोठी जागा पटकन भरते. पण टोक लवकर बोथट होतं आणि जाड थर दिला की काही दिवसांनी गडद भागावर पांढुरकी झाक येते. चित्राला बुरशी लागली असं वाटतं, पण ते आतलं मेण वर आलेलं असतं. मऊ सुती फडक्यानं हलकेच पुसलं की जातं, आणि वर फिक्सेटिव्हचा, म्हणजे चित्रावरचा रंग धरून ठेवणाऱ्या द्रावणाचा, हलका फवारा मारला की सहसा परत येत नाही. तेलाच्या पेन्सिली थोड्या कडक, टोक टिकतं, बारीक काम चांगलं होतं, ही झाक येत नाही. खरं म्हणजे बहुतेक पेन्सिलींत दोन्ही असतं. कोणाचं प्रमाण जास्त एवढाच प्रश्न.

पुण्या-मुंबईचे चित्रकार मऊ मेणाच्या पेन्सिलींचं कौतुक करतात. त्यांच्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळसारखा पारा ४५ च्या वर जात नाही. आमच्या पत्र्याखाली दुपारी मऊ पेन्सिलीचं टोक बोटांत धरल्या धरल्या दबतं. एका बाईंनी गाडीच्या डिकीत डबा ठेवला आणि सखाराम महाराजांच्या यात्रेला बोरी नदीच्या पात्रात दिवसभर फिरल्या. संध्याकाळी टोकं वाकडी होऊन एकमेकांना चिकटली होती. तेव्हा खानदेशात उन्हाळ्याच्या सुट्टीत चित्रं काढायची असतील तर थोडी कडक, तेलाच्या अंगाची पेन्सिल घ्या. मेणाचीच असेल तर सकाळी काम करा आणि डबा माठाच्या शेजारी गारव्याला ठेवा. माठावर नको, ओल लागली की लाकूड फुगतं.

डब्यावर ब्रशचं चित्र असेल तर ती पाण्यात विरघळणारी पेन्सिल असते. ओल्या ब्रशनं जलरंगासारखी पसरते. चीज चांगली आहे, पण साधी समजून घेऊ नका. आपल्याकडे घामेजलेल्या तळव्यानंही ती पसरते. हाताखाली कोरा कागद ठेवायचीच सवय लावावी लागते.

रंग उडतो कुठला

शाळेच्या वहीत रंग उडाला काय, राहिला काय, फरक पडत नाही. पण आजोबांचं चित्र काढून भिंतीला लावायचं असेल तर पडतो. माझ्या दुकानाचं शोकेस पश्चिमेला आहे. एका एप्रिलमध्ये मी पट्टीवर १२ रंगांचे ठिपके भरले, अर्ध्या पट्टीवर पुठ्ठा लावला आणि काचेला आतून चिकटवली. जूनच्या पहिल्या आठवड्यात पुठ्ठा काढला. गुलाबी जवळजवळ गेला होता. जांभळा राखेसारखा झाला होता. तपकिरी, पिवळसर माती आणि काळा मात्र जसेच्या तसे.

यात कोडं काही नाही. मातीचे रंग म्हणजे गेरू, पिवडी, हे लोखंडाच्या गंजाचेच प्रकार. ऊन त्यांचं काही बिघडवत नाही. जळगावहून तास-दीड तासावर अजिंठा आहे. तिथल्या भिंतींवर दीड हजार वर्षांपूर्वीचा गेरू अजून दिसतो, तो याच जातीचा. स्वस्त गुलाबी-जांभळ्यात मात्र बहुतेक वेळा कापडाच्या रंगासारखा रंग असतो आणि तो उन्हाला टिकत नाही. आमच्या ओट्यावर वाळत घातलेल्या साड्यांना विचारा.

महाग पेन्सिलींवर या टिकाऊपणाची खूण असते. फाबर-कास्टेलच्या पेन्सिलींवर चांदण्या असतात, तीन म्हणजे सगळ्यात टिकाऊ. खूण नसली तर वर सांगितलेली पट्टी करा. खानदेशातल्या एप्रिल-मेच्या उन्हात दोन महिन्यांत जे कळतं ते इतरांना वर्षभरात कळत नाही. उन्हाचा एवढा तरी उपयोग.

कोणासाठी कोणती

चार-पाच वर्षांच्या पोरांना बारीक पेन्सिल देऊ नका. त्यांची मूठ आणि तिचा जोर बघा. जाड शिसाची, तीन कोनांची पेन्सिल द्या. नाहीतर मेणखडू द्या, तेही चालतील. या वयात सगळं तोंडात जातं, म्हणून डब्यावर विषारी नसल्याचं लिहिलंय का आणि खेळण्यांच्या सुरक्षेचा ईएन ७१ सारखा क्रमांक आहे का, एवढं पाहा. रस्त्यावर वजनावर मिळणाऱ्या बेनामी पेन्सिली या वयाला कधीच नाही.

शाळकरी पोरांना कॅमल, डोम्स, नटराज-अप्सरा, फाबर-कास्टेल यांचे साधे १२ चे डबे पुरतात. कोणता चांगला विचाराल तर मी वही उघडून दाखवीन आणि आज आलेला माल पाहून सांगेन. पूर्ण लांबीचा डबा घ्या. अर्ध्या लांबीच्या पेन्सिलींचा डबा दिसायला गोड आणि पैशांनं फसवा. एक मोठी पेन्सिल दोन अर्ध्यांपेक्षा जास्त चालते, कारण बोटात धरायला जो बुंधा उरतो तो अर्ध्या पेन्सिलीत फार लवकर येतो.

एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसणाऱ्यांनी आधी आपल्या ड्रॉइंगच्या सरांना विचारावं, ते कोणत्या माध्यमात सराव घेणार आहेत. वस्तुचित्राला छटा लागतात, म्हणून दाबानं तीन छटा देणारी पेन्सिल इथे खरी उपयोगी. २४ चा डबा घ्यायचा तो या टप्प्याला. त्यात राखाडी, मातकट पिवळा, गडद तपकिरी येतात का ते बघा. नुसते गुलाबीचे चार प्रकार वाढवून २४ केलेले असतात, तो डबा टाळा.

हौसेनं मोठी चित्रं काढणाऱ्यांनी पॉलिक्रोमॉस, ल्युमिनन्स, प्रिस्माकलर ही महाग परदेशी पेन्सिलींची नावं ऐकलेली असतात. पॉलिक्रोमॉस १९०८ पासून निघतात, १२० रंग आहेत, अंग तेलाचं. ल्युमिनन्स स्वित्झर्लंडची, उन्हाला टिकण्यासाठी नावाजलेली. प्रिस्माकलर मऊ, मेणाची. त्यांच्या एका सुट्या पेन्सिलीच्या किमतीत आमच्याकडे शाळेचा डबा येतो. म्हणून सेट मागवू नका. पुण्या-मुंबईच्या कलासाहित्याच्या दुकानांत सुट्या मिळतात. एक गडद निळी, एक मातकट तपकिरी, एक पांढरी एवढ्या तीन आणा, आहे त्या डब्यात मिसळून महिनाभर वापरा. मला स्वतःला या तीनच परवडल्या आणि पाच वर्षं झाली, अजून चालू आहेत.

आपले रंग, आपल्या डब्यातून

डब्यात "स्किन कलर" नावाची फिकट गुलाबी पेन्सिल असते. ती कोणाच्या कातडीची, मला ३१ वर्षांत कळलं नाही. आमच्याकडे कापूस वेचून आलेल्या बाईचा चेहरा रंगवायचा तर नारिंगी हलका, त्यावर तपकिरी, गालाच्या सावलीला जरा जांभळा. ती गुलाबी ठेवा फुलासाठी. कपाशीचं फूल पहिल्या दिवशी पांढरट-पिवळं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. एकाच झाडावर दोन्ही दिसतात. पोरं सगळी फुलं एका रंगात भरतात.

काळी माती काळ्या पेन्सिलीनं भरू नका. काळ्या पेन्सिलीची माती डांबरी रस्ता दिसते. गडद तपकिरीचा थर, त्यावर गडद निळा, परत तपकिरी. भेगांना तेवढा काळा. केळीच्या पानाला आधी पिवळा, मग पोपटी, सावलीला गडद हिरवा आणि तो फार भडक वाटला तर त्यावर लालची एकच हलकी फेरी. हिरव्यावर लाल म्हटलं की पोरं दचकतात, पण भडकपणा त्यानंच मरतो. यावल-रावेरकडच्या बागेत पानाची कड वाऱ्यानं फाटलेली असते, तीही काढा, नाहीतर पान प्लास्टिकचं दिसतं.

आणि भरताचं वांगं. आपलं वांगं जांभळं नसतं. पोपटी असतं आणि त्यावर पांढऱ्या रेषा. या रेषा सोडून रंगवत बसलं तर डोकं फिरतं. त्यासाठी शाई संपलेलं बॉलपेन घ्या. रंग भरण्याआधी कोऱ्या कागदावर त्या रेषा दाबून ओढा, खाच पडली पाहिजे. मग वरून पोपटी पेन्सिल आडवी धरून फिरवा. खाचेत रंग जात नाही, रेषा आपोआप पांढऱ्या राहतात. पानांच्या शिरांना, म्हातारीच्या केसांना हीच युक्ती.

कागद आणि शार्पनर

पन्नास रुपये जास्त असतील तर ते डब्यावर न घालता कागदावर घाला. पातळ वहीच्या कागदावर उत्तम पेन्सिलही दोन थरांत दमते. १५० जीएसएमच्या (म्हणजे एका चौरस मीटरला १५० ग्रॅम वजनाच्या) आसपासचा, किंचित खरखरीत कार्ट्रिज कागद घ्या. डोळे मिटून बोट फिरवा. नव्या खादीच्या रुमालासारखं बोटाला काहीतरी लागलं पाहिजे. चकचकीत चार्ट पेपर तक्त्यांसाठी, त्यावर रंगीत पेन्सिल बसत नाही.

शार्पनर पाच रुपयांचा चालतो, पण पातं नवं पाहिजे. काळ्या पेन्सिलीचा जुना शार्पनर रंगीत पेन्सिलींना लावू नका, मऊ शिस त्यात अडकून मोडतं. अडकलेलं मेण दात कोरायच्या काडीनं काढा. टोक करताना शार्पनर स्थिर धरा आणि पेन्सिल हळू फिरवा. टोक सुईसारखं नको. आमचे जुने ड्रॉइंगचे सर ब्लेडनं टोक करायचे, लाकूड लांब तासून शिस थोडंच उघडं. मोठ्यांनी तसंच करावं. पोरांच्या हाती ब्लेड नको.

पेन्सिल बोटभर उरली की टाकू नका. जुन्या जाड बॉलपेनची रिकामी नळी मागून बसवा, घट्ट बसत नसेल तर कागदाची एक घडी आत. आणखी महिनाभर चालते.

फोडलेल्या डब्यांतल्या पेन्सिली मी बिस्किटाच्या एका पत्र्याच्या डब्यात सुट्या ठेवतो. एखाद्या पोराचा निळा संपला की एकच घेऊन जातो, त्यासाठी आख्खा डबा घ्यायची गरज पडत नाही. आकाशी सगळ्यात आधी संपतो, मग हिरवा, मग काळा. पांढऱ्या तळाशी साचतात, कोणी मागत नाही. ज्याला हवी त्याला फुकट देतो, बरोबर खाकी कागदाचा एक तुकडा.